छंदाचे साधन कोणाच्या मालकीचे?

हौस म्हणून व्हिडिओ गेम बनवणाऱ्याकडे भांडवल एकच असते, ते म्हणजे नोकरी, कॉलेज आणि घर सांभाळून उरलेला वेळ. त्या वेळात महिनोन्महिने खपून एखादा छोटा गेम उभा राहतो आणि तो ज्याच्या आधारावर उभा राहतो त्या साधनाला गेम इंजिन म्हणतात. पडद्यावर चित्र उमटवणे, दोन वस्तू आदळल्या की काय व्हावे हे ठरवणे, आवाज वाजवणे, कळ दाबताच पात्र हलवणे अशी पायाभूत कामे इंजिन करते. त्यावरचे नियम, कथा आणि मजा बनवणाऱ्याची असते. ‘कोणते इंजिन घेऊ?’ असे नवशिक्याने विचारले की उत्तरे बहुधा सोयींची मिळतात. कशातले ग्राफिक्स देखणे, कशाचे शिकवणीचे व्हिडिओ जास्त, कशात काम झटपट होते. हौशी माणसाने त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा असे माझे ठाम मत आहे. या साधनाच्या अटी कोण ठरवतो, आणि उद्या त्या बदलल्या तर माझ्या हातात काय उरते? या प्रश्नाचा नीट विचार केला तर हातातला गेम संपल्यावर पुढचा गेम ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, इंजिनवर सुरू करणे, त्यासाठी काही सोयी सोडाव्या लागल्या तरी, शहाणपणाचे ठरते.

ही शंका हवेतली नाही, हे १२ सप्टेंबर २०२३ रोजी जगभरच्या गेम बनवणाऱ्यांनी अनुभवले. युनिटी हे इंजिन २००५ मध्ये कोपनहेगनच्या तीन तरुणांनी बाजारात आणले. गेम बनवणे सर्वांच्या आवाक्यात आणायचे, हा त्यांचा उद्देश त्यांनी पहिल्यापासून सांगितला आणि बऱ्याच अंशी पाळलाही. मोबाइलवरच्या गेम्सचा मोठा हिस्सा याच इंजिनवर बनलेला आहे. कॉलेजातल्या विद्यार्थ्यापासून मोठ्या स्टुडिओपर्यंत सगळे ते वापरत होते, आणि लहान माणसाला ते फुकट होते. त्या दिवशी कंपनीने जाहीर केले की १ जानेवारी २०२४ पासून गेमच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क आकारले जाईल. फुकट आवृत्ती वापरणाऱ्यासाठी हे शुल्क २० सेंटपर्यंत होते. गेमने वर्षभरात २ लाख डॉलर कमावले आणि त्याची एकूण २ लाख इन्स्टॉल झाली, की ते लागू होणार होते. लोकांना सर्वांत जास्त बोचले ते दोन मुद्दे. ज्यांनी जुन्या अटी मान्य करून कधीच गेम बाजारात आणला होता, त्यांच्याही पुढच्या इन्स्टॉलवर हे शुल्क बसणार होते. शिवाय इन्स्टॉल किती झाली हे कंपनी स्वतःच्या आकडेमोडीतून ठरवणार होती, ती पडताळून पाहायची सोय गेम बनवणाऱ्याकडे नव्हती. गेम एकदा विकला की पैसे एकदाच येतात, पण तोच ग्राहक नवा फोन घेऊन तो पुन्हा उतरवू शकतो. उत्पन्न आणि शुल्क यांची सांगडच तुटली होती.

गदारोळ झाला. दहा दिवसांनी, २२ सप्टेंबरला कंपनीने बरीच माघार घेतली. फुकट आवृत्तीला शुल्कातून वगळले आणि जुन्या आवृत्त्यांवर बनलेल्या गेम्सनाही सोडून दिले. ९ ऑक्टोबरला मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन रिचिटिएलो पायउतार झाले. बरोबर वर्षभराने, १२ सप्टेंबर २०२४ रोजी, नव्या नेतृत्वाने गेम्सवरचे ते शुल्क पूर्णपणे रद्द केले आणि त्याच घोषणेत सशुल्क आवृत्त्यांचे दर वाढवले.

येथे पहिला आणि रास्त आक्षेप येतो. हौशी माणसाचा या भांडणाशी संबंध काय? वर्षाला २ लाख डॉलर म्हणजे दीड कोटी रुपयांहून अधिक, आणि तितके कमावणारा हौशी उरतो कुठे? शिवाय शुल्क तर रद्द झाले. आक्षेपातली माहिती खरी आहे, तरी तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. कारण मुद्दा रकमेचा कधीच नव्हता. २०१९ मध्ये एका कंपनीशी झालेल्या वादानंतर युनिटीने जाहीर हमी दिली होती, की एखाद्याने इंजिनची जुनी आवृत्तीच वापरत राहायचे ठरवले तर त्या आवृत्तीच्या वेळच्या अटीच त्याला लागू राहतील. पुढे अटींच्या मजकुरातून ही तरतूद काढली गेली, आणि बहुतेकांच्या ते लक्षात आले २०२३ च्या घोषणेनंतर. म्हणजे लिहून दिलेले वचनही एकतर्फी मागे घेता येते, हे सिद्ध झाले. आज शुल्क नाही, कारण लोक भांडले आणि मोठे स्टुडिओ सोडून जाऊ लागले. हौशी माणसाकडे भांडण्याची ती ताकद नसते. त्याचा बचाव दुसऱ्यांनी केला, आणि पुढच्या वेळी ते करतीलच असे नाही.

कंपनीला खलनायक ठरवण्याचे मात्र काही कारण नाही. युनिटी २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली आणि वर्षानुवर्षे तोटा सोसत राहिली. भागधारकांना उत्तर देणाऱ्या कंपनीने उत्पन्नाच्या नव्या वाटा शोधणे हे तिच्या स्वभावाला धरूनच आहे. मला म्हणायचे आहे ते याहून साधे आहे. फुकट वापरणारा विद्यार्थी आणि हौशी हे अशा कंपनीसाठी उद्याचे गिऱ्हाईक असतात. त्यांना दिलेली सवलत ही धंद्याची चाल असते, आणि धंद्याची गणिते बदलली की चालही बदलते. व्यावसायिक स्टुडिओ तो धोका किमतीत धरू शकतो, वकिलाकडून करार तपासून घेऊ शकतो, गरज पडली तर माणसे नेमून गेम दुसऱ्या इंजिनवर नेऊ शकतो. हौशी माणसाला यातले काहीच परवडत नाही.

त्यातच हौशी कामाचा काळ फार लांब असतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीवरचा गेम एरिक बरोन यांनी चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने घडवला आणि तो २०१६ मध्ये आला. तो मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनए या साधनावर लिहिलेला होता. एक्सएनए २००६ मध्ये हौशी आणि विद्यार्थ्यांना समोर ठेवून आणले गेले होते आणि २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा विकास थांबवल्याचे स्पष्ट केले. म्हणजे गेम लोकांपुढे आला तेव्हा त्याचे साधन मालकाने टाकून दिलेले होते. तरीही तो जगला, कारण दरम्यान स्वयंसेवकांनी एक्सएनएची रचना जशीच्या तशी पुन्हा लिहून मोनोगेम आणि एफएनए हे दोन ओपन सोर्स पर्याय उभे केले होते. पुढे ‘स्टारड्यू व्हॅली’ मोनोगेमवर नेला गेला. ‘सेलेस्ट’ हा गेमही याच कुळातला. मालकाने सोडलेले साधन वापरणाऱ्यांनी दत्तक घेतले आणि त्यावरची मेहनत वाचली, असे हे उदाहरण आहे.

फ्लॅशच्या बाबतीत ते तसे झाले नाही, निदान वेळेवर तरी नाही. २००० च्या दशकात हौशी गेम म्हटले की फ्लॅश, इतके त्याचे राज्य होते. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसून ब्राउझरमध्ये खेळलेले कितीतरी गेम त्यावर बनलेले होते. अडोबीने जुलै २०१७ मध्ये शेवट जाहीर केला, ३१ डिसेंबर २०२० रोजी पाठबळ संपले आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरने स्वतःच मजकूर दाखवणे बंद केले. सुरक्षेच्या त्रुटी आणि मोबाइलवरचा त्याचा निरुपयोगीपणा पाहता फ्लॅश जाणे अटळ होते, याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्लेयरचा कोड बंद असल्यामुळे त्यावर वर्षे घालवलेल्या लोकांना स्वतःच्या कामासाठी काहीच करता येईना. आज रफल नावाचा ओपन सोर्स एम्युलेटर त्यातले बरेच गेम पुन्हा चालवतो, इंटरनेट अर्काइव्हनेही २०२० च्या नोव्हेंबरपासून फ्लॅशचा संग्रह खुला केला. ही सगळी धडपड बाहेरच्या लोकांना, आतला कोड हाती नसताना, उलट्या बाजूने शोध घेत करावी लागली. तोपर्यंत अनेकांचे काम विस्मृतीत गेले होते.

आता पर्यायाकडे येऊ. गोदो हे इंजिन अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी आधी स्वतःच्या कामासाठी लिहिले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले. नाव सॅम्युएल बेकेटच्या नाटकावरून घेतलेले. मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकाला ते वेगळे सांगायला नको. हा परवाना जेमतेम काही ओळींचा आहे. कोड घ्या, वापरा, बदला, त्यावर बनवलेले विका. मूळ श्रेय आणि परवान्याची प्रत सोबत ठेवा. हमी मात्र मागू नका, एवढेच त्यात म्हटले आहे. उत्पन्नातला वाटा नाही, इन्स्टॉलची मोजदाद नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आज उतरवून घेतलेल्या प्रतीवरचा हा अधिकार उद्या कोणी काढून घेऊ शकत नाही. मूळ मंडळी उद्या दिशा बदलून बसली तरी कालची प्रत तुमच्याजवळ राहते आणि ती पुढे चालवायचा हक्क कोणालाही असतो. युनिटीच्या घोषणेनंतर ‘टेरारिया’ बनवणाऱ्या री-लॉजिकने, मुख्यतः युनिटीवर अवलंबून नसूनही, गोदो आणि एफएनए यांना प्रत्येकी १ लाख डॉलर देणगी दिली, ती याच कारणासाठी.

मराठी हौशी माणसासाठी आणखी एक कारण आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. मराठीत गेम करायचा तर पडद्यावर देवनागरी नीट दिसली पाहिजे. देवनागरीत अक्षरे ओळीने मांडून भागत नाही. ‘कि’ मधली वेलांटी कोडमध्ये ‘क’ नंतर असते आणि दिसताना आधी यावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, ‘क्ष’, ‘त्र’, ‘श्री’ यांची रूपेच बदलतात. हे बदल घडवणारी यंत्रणा इंजिनमध्ये नसेल तर जोडाक्षरे तुटतात आणि जिकडेतिकडे पाय मोडलेले दिसतात. युनिटीत वर्षानुवर्षे सर्रास वापरला गेलेला मजकुराचा घटक, टेक्स्टमेश प्रो, नेमका यातच कमी पडतो. त्यामुळे अनेकांना जुन्या डीटीपीच्या काळातल्या फॉन्टसारख्या क्लृप्त्या कराव्या लागल्या. अलीकडच्या आवृत्त्यांत युनिटीने या दिशेने पावले टाकली आहेत, हेही नोंदवायला हवे. गोदोच्या तिसऱ्या मालिकेतही हीच उणीव होती. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत मात्र हार्फबझ ही ओपन सोर्स लायब्ररी बसवली गेली, तीच जी अँड्रॉइड आणि फायरफॉक्समध्ये लिप्यांचे काम करते. अरबी, देवनागरी, थाई अशा लिप्या त्यामुळे मुळातच नीट उमटू लागल्या. बाजाराच्या हिशेबात मराठी गेमची मागणी नगण्य आहे. ज्यांना गरज आहे त्यांनाच इंजिनच्या पोटात शिरून काम करता येते, तेव्हा अशा भाषांची सोय बाजाराची वाट न पाहता होऊ शकते.

यावर जाणकार म्हणतील, ओपन सोर्स इंजिनेही मोडतोड करतातच की. खरे आहे. गोदोच्या तिसऱ्या मालिकेतून चौथ्यात येताना घटकांची नावे बदलली, कोड लिहिण्याच्या पद्धती बदलल्या, आणि शिकवणीच्या शेकडो व्हिडिओंतला कोड चालेनासा झाला. नुकतेच शिकलेल्याला हे अन्यायाचे वाटले असणार. पण जुनी आवृत्ती बंद पडली नाही. तिसरी मालिका दुरुस्त होत राहिली, तिची ३.६ ही आवृत्ती चौथी येऊन दीड वर्ष झाल्यावर, सप्टेंबर २०२४ मध्ये आली. अर्धा गेम झालेला माणूस आहे तिथेच राहून तो पूर्ण करू शकत होता आणि त्याच्या परवान्यात एक शब्दही बदलला नाही. पैशाचा प्रश्न याहून अवघड आहे. गोदोचे काम एक ना-नफा फाउंडेशन, देणगीदार आणि स्वयंसेवक यांच्या बळावर चालते. देणग्या आटल्या तर विकासाचा वेग मंदावेल, चुका दुरुस्त व्हायला वेळ लागेल. ओपन सोर्स म्हणजे अमरत्व नव्हे, आणि तसे कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. मात्र एक्सएनएच्या वापरकर्त्यांना जे शून्यापासून पुन्हा लिहावे लागले, ते येथे आधीच लोकांच्या हातात आहे, हा फरक लहान नाही.

शिकलेले वाया जाईल, ही भीती मला अनाठायी वाटते. गेम बनवताना खरे कष्ट पडतात ते विचारांची पद्धत शिकायला. पडद्यावरचे प्रत्येक चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रेखायचे म्हणजे काय, दिशा आणि वेग यांची बेरीज कशी करायची, पात्राच्या उभे राहणे, धावणे, पडणे या अवस्था कशा वेगळ्या ठेवायच्या, उडीचा गुरुत्वाकर्षणाचा आकडा किती ठेवला की हाताला बरा लागतो. हे सगळे एका इंजिनमधून दुसऱ्यात जसेच्या तसे जाते. युनिटीची सी शार्प ही भाषा गोदोतही चालते. गोदोची स्वतःची जीडीस्क्रिप्ट पायथनच्या वळणाची आहे, आणि पायथन तर आता आपल्या कॉलेजांत शिकवतातच. सुरुवातीला हात अडखळतात ते कोणता पर्याय कुठल्या मेनूत आहे यावर. गोदोची मूळ फाईल इतकी लहान आहे की ती जुन्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलच्या डेटावरही उतरवता येते. युनिटी इन्स्टॉल करायला काही जीबी जागा लागते. पुण्यामुंबईबाहेरच्या विद्यार्थ्यासाठी हा हिशेब गौण नाही.

नोकरीचा मुद्दा वेगळा, आणि तेथे माझा आग्रह सैल होतो. गेम उद्योगातल्या जागांसाठी युनिटी आणि अनरियल यांचीच विचारणा जास्त असते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’, भारतीय पुराणकथांवर बेतलेला आणि २०२० मध्ये आलेला गेम, अनरियलवर बनला आहे. ज्याला अशा स्टुडिओत काम करायचे आहे त्याने तीच इंजिने शिकावीत, आणि भव्य त्रिमितीय गेम करायचा असेल तर गोदो अजून अनरियलच्या बरोबरीला आलेले नाही हेही मान्य करावे. निन्टेंडो, प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवर गेम न्यायचा तर त्या कंपन्यांच्या गोपनीयतेच्या करारांमुळे तो कोड खुल्या इंजिनमध्ये ठेवता येत नाही, वेगळी व्यवस्था करावी लागते. या मर्यादा खऱ्या आहेत. रविवारी दुपारी मित्रांना खेळवण्यासाठी द्विमितीय गेम करणाऱ्याला मात्र त्यांतली एकही आडवी येत नाही.

राहिला प्रश्न कधी बदलायचे याचा, आणि येथेच हौशी लोक सर्वाधिक चुकतात. अर्धवट गेम टाकून नव्या साधनाकडे धावणे हे बहुतेक वेळा कंटाळ्यावरचे औषध असते. गेमचा मधला, रटाळ भाग आला की नवे इंजिन आकर्षक दिसू लागते. तीन इंजिने अर्धी शिकलेला आणि एकही गेम न संपवलेला माणूस हे या छंदातले सर्वांत दुःखद चित्र आहे. ‘स्ले द स्पायर’ बनवणाऱ्या मेगा क्रिट या छोट्या स्टुडिओने युनिटीवर बरेच काम झालेले असताना दुसरा भाग गोदोवर नेला. ते त्यांना जमले, कारण ते पूर्णवेळ काम करणारे, पहिल्या यशाचे पैसे हाती असलेले लोक होते. हौशी माणसाने हातातला गेम आहे त्या साधनावर संपवावा. मग पुढच्यासाठी नव्या इंजिनमध्ये आधी एखादा जुना, लहानसा गेम पुन्हा बनवून पाहावा, म्हणजे काय बनवायचे याचा विचार करावा लागत नाही आणि सगळे लक्ष साधनाकडे राहते. दोन-तीन दिवसांच्या गेम जॅम स्पर्धा यासाठी उत्तम. जीएमटीके गेम जॅममध्ये गोदो वापरणाऱ्यांचा वाटा २०२३ ते २०२४ या एका वर्षात जवळपास दुप्पट झाला, तो उगीच नाही. अशा ठिकाणी फसले तरी शनिवार-रविवारच जातो.

माझ्या म्हणण्याविरुद्धचे सर्वांत बळकट उदाहरण ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’चे आहे. लुका गलांते यांनी तो फेझर या जावास्क्रिप्टवरच्या ओपन सोर्स चौकटीत हौसेने सुरू केला, तो तुफान चालला, आणि शेवटी २०२३ मध्ये वेगासाठी व इतर यंत्रांवर नेता यावा म्हणून युनिटीवर पुन्हा बांधला गेला. खुल्या साधनाची मर्यादा आली आणि मालकीच्या इंजिनकडे जावे लागले, असे कोणी म्हणेल. मी त्याच घटनेकडे दुसऱ्या टोकाने पाहतो. एकट्या माणसाने, हाताशी फारसे काही नसताना, फुकट आणि खुल्या साधनावर गेम पूर्ण केला, लोकांपुढे नेला, त्यावर पैसे मिळवले आणि मग, परवडू लागल्यावर, स्वतःच्या गरजेने साधन बदलले. फेझर सोडताना त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही, आणि तोवर विकल्या गेलेल्या प्रतींवर फेझरकडून कसले बिलही आले नाही.